भार टाका, विहीणबाई

कौशल्याबाईंना धावणाऱ्या माणसांचा मनापासून राग होता. दूध उतू जात असेल, बस सुटत असेल किंवा मागे कुत्रं लागलं असेल तर माणसानं जरूर धावावं, असं त्यांचं म्हणणं. पण कुठंही जायचं नसताना भल्या पहाटे उठायचं, घामाघूम व्हायचं आणि फिरून आपल्याच दारात येऊन उभं राहायचं, याला त्या धावणं म्हणायला तयार नव्हत्या. "याला पत्ता चुकणं म्हणतात," त्या म्हणायच्या.

दुर्दैवाने कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पत्ता चुकणारी दोन माणसं राहत होती. मुलगा अभिनव आणि सून रुपाली. दोघं सकाळी धावायची आणि मग खराडीच्या ऑफिसला जाताना गाडीत बसून तासन्‌तास एका जागी थांबायची.

त्यात यंदा डॉक्टर नाजिमांनी कौशल्याबाईंचा रिपोर्ट बघून चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काकू, साखर काठावर आहे. रोज दम लागेल असं काहीतरी करायला हवं."

हे कळताच अभिनवने त्याच संध्याकाळी आईसाठी पोपटी रंगाचे बूट आणले आणि तिच्या मनगटावर आपलं जुनं घड्याळ बांधलं. ते घड्याळ ठोके मोजायचं, कॅलरी मोजायचं आणि माणूस फार वेळ बसलेलं दिसलं की थरथरून त्याला उठवायचं. "सासूबाई गेल्यापासून घरात मला ऊठ म्हणणारं कुणी नव्हतं. बरं झालं आणलंस," कौशल्याबाई म्हणाल्या. मग त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या आणि धावायलाच हवं का, ते विचारून आल्या.

"मुळीच नाही," डॉक्टर नाजिमा म्हणाल्या. "पोहा, दोरीच्या उड्या मारा, जिने चढा, नाचा. फक्त एक खूण लक्षात ठेवा. बोलताना वाक्य मध्येच तुटलं पाहिजे."

आता कौशल्याबाईंचं वाक्य बँकेतल्या सगळ्या नोकरीत एकाही साहेबाला तोडता आलं नव्हतं, तेव्हा खूण अवघडच होती. तरी त्यांनी एकेक करून पाहिलं. पोहायला गेल्या तर बायकांच्या वेळेत निम्म्या बायका कठड्याला धरून भाजीच्या भावावर बोलत उभ्या होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी कौशल्याबाईही गवारीवर बोलू लागल्या. दोरीच्या उड्या मारल्या तर खालच्या मजल्यावरच्यांनी लिफ्टमध्ये कागद डकवला: 'मसाला कुटण्याची वेळ आधी कळवल्यास आम्ही बाहेर जाऊ.' जिने चढायला घेतले तर मजल्यामजल्यावर दारं उघडली. लिफ्ट बंद आहे का, असं विचारत प्रत्येकीने त्यांना आत ओढलं, आणि गच्चीपर्यंत पोचेतो पोटात चहा, चकल्या आणि एक बेसनाचा लाडू जमा झाला. शेवटी झुंबाला गेल्या. तिथली मुलगी सारखी "एनर्जी, लेडीज, एनर्जी!" म्हणून ओरडत होती. आवाज कमी केलात तर तीच एनर्जी वाचेल, असं त्यांनी तिला सुचवलं आणि तो विषयही संपला.

खरं तर यातल्या कशाचीच त्यांना गरज नव्हती. त्यांच्याकडे फुगडी होती.

शर्मिलाताईंच्या मंगळागौरीच्या पथकात त्या कित्येक वर्षं होत्या. श्रावण लागला की कर्वेनगर, कोथरूड, वारजे, जिथून बोलावणं येईल तिथं नऊवारी नेसून बायका जायच्या. झिम्मा व्हायचा, पिंगा व्हायचा, आणि सगळ्यात शेवटी, प्रेक्षक बायका घड्याळं बघायला लागल्या की कौशल्याबाई आणि वैजयंतीताई मध्ये यायच्या. हातांची अढी घालायची, पावलांना पावलं भिडवायची, मागे झुकायचं आणि गिरक्या घ्यायच्या. दोघी चांगल्या भरलेल्या. त्यांची फुगडी सुरू झाली की पहिल्या रांगेतल्या बायकांच्या केसांतले गजरे हलायचे. अभिनव म्हणायचा, "आई, ते वर्षातून एकच महिना असतं." त्यावर त्या विचारायच्या, "आणि तुमची मॅरेथॉन? ती काय दर मंगळवारी असते?"

पण यंदा ऐन वेळी वैजयंतीताई लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेल्या, आणि कौशल्याबाईंची जोडी मोडली. फुगडीचं गणित असं आहे, की दोघींचं वजन जुळलं पाहिजे. एक भारी आणि एक हलकी असली, की हलकी उडते. पथकातल्या तीन जणींनी प्रयत्न केला. तिसरी उडाली ती थेट तुळशीच्या कुंडीत जाऊन बसली.

शर्मिलाताई या शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या बाई. गळ्यात अजून शिट्टी असायची. त्या म्हणाल्या, "कौशल्याताई, शनिवारच्या तालमीपर्यंत जोडीदारीण आणा. नाहीतर यंदा टाळ्यांत बसा."

टाळ्यांत बसणं म्हणजे भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून, रिंगणातल्या बायकांसाठी गाणी म्हणत टाळ्या वाजवणं. गुडघे बदललेल्या, कंबर धरलेल्या बायका तिथं असायच्या. त्या खुर्चीवर एकदा बसलेली बाई पुन्हा रिंगणात आल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. कौशल्याबाई त्या रात्री नीट जेवल्या नाहीत. साखर, कॅलरी, वजन यांचं काय व्हायचं ते होवो. पण खुर्ची नको. खुर्चीवर बसलं की आपण संपलो, असं त्यांना अगदी आतून वाटत होतं.

मग त्यांनी शोध सुरू केला. सगळं जग बारीक होण्यासाठी धडपडत असताना कौशल्याबाई भरल्या अंगाची बाई शोधत हिंडत होत्या. मंडईत, देवळात, बँकेच्या रांगेत त्या बायकांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायच्या. एकीने विचारलं, "आपली ओळख आहे का?" कौशल्याबाई म्हणाल्या, "अजून नाही. वजन किती तुमचं?" ओळख व्हायची राहिली ती राहिलीच.

आणि त्याच आठवड्यात लातूरहून विहीणबाई आल्या. रुपालीच्या आई, सत्यशीलाबाई. लातूरच्या घराचं रंगकाम निघालं होतं आणि रंगाच्या वासाने त्यांना खोकला व्हायचा.

या दोन विहिणींत भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी लातूरला लग्नाच्या पंगतीत कौशल्याबाई एवढंच म्हणाल्या होत्या, की पुण्यात बासुंदी इतकी गोड करत नाहीत. त्यावर सत्यशीलाबाई नुसत्या हसल्या होत्या. तेव्हापासून दोघी एकमेकींशी इतक्या आदराने वागत होत्या, की घरातल्या बाकीच्यांना धाप लागायची. सत्यशीलाबाई सोफ्याच्या अगदी कडेला बसायच्या, मुलीच्या सासरी पाहुण्याने जास्त जागा अडवू नये म्हणून. "तुम्ही घ्या की ओ आधी." "छे छे, आधी तुम्ही." या घोळात रोज दोन कप चहा गार व्हायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी एकाच वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. दोघी थांबल्या. "तुम्ही आधी," दोघी म्हणाल्या. मग दोघींनीही एकदमच पाऊल टाकलं आणि दोघी चौकटीत अडकल्या. खांद्याला खांदा, कमरेला कंबर, तसूभर इकडेतिकडे नाही. सत्यशीलाबाई लाजेने लाल झाल्या. कौशल्याबाईंच्या अंगावर मात्र आनंदाने काटा आला.

पण नुसत्या रुंदीवर विश्वास ठेवणाऱ्या त्या नव्हत्या. "विहीणबाई, चला, जरा खाली बागेत पाय मोकळे करू," त्या म्हणाल्या.

मुलं शाळेत गेलेली. सोसायटीची बाग रिकामी. कौशल्याबाई सरळ सीसॉपाशी जाऊन थांबल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "बसा."

"मी? ह्याच्यावर?"

"त्या बाजूला रंग नवा आहे. मुद्दाम तुम्हाला दिली ती बाजू."

मुलाच्या आईला नाही म्हणायची सत्यशीलाबाईंची रीत नव्हती. पदर खोचून, देवाचं नाव घेऊन त्या बसल्या. दुसऱ्या टोकाला कौशल्याबाई बसल्या. फळीने एकदा करकर केलं, थोडी वरखाली झाली आणि जमिनीला समांतर होऊन थांबली. चारही पाय हवेत. गेटवरचा वॉचमन फोनवर बोलायचा थांबला.

कौशल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "विहीणबाई," त्या अधांतरीच म्हणाल्या, "तुम्हाला फुगडी येते?"

"लहानपणी पंचमीला लई खेळायचो बघा. पण आता कशाला ओ? आणि तुमच्यासंगं? नको."

"माझ्याबरोबर का नको?"

"तुम्ही मुलाकडच्या. माझा हात सुटला, तुम्हाला काही झालं, तर रुपालीला जन्मभर ऐकावं लागंल."

"मी कधी रुपालीला काही बोलले आहे?"

"बोलत नाही. बघता," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

कौशल्याबाई उत्तर द्यायला गेल्या आणि तोंडून एकदम खरंच निघून गेलं. "शनिवारपर्यंत जोडीदारीण मिळाली नाही, तर मला खुर्चीवर बसवणार आहेत हो. टाळ्या वाजवायला. मला नाही बसायचं."

विचार करायला म्हणून सत्यशीलाबाई फळीवरून उतरल्या. आणि पलीकडे कौशल्याबाई धाडकन खाली आल्या.

"अगं बाई! लागलं का ओ? कुठं लागलं? खेळते, खेळते मी फुगडी! लागलं का?"

"नाही लागलं," जमिनीवरून कौशल्याबाई म्हणाल्या. "पण आता शब्द फिरवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मुलं ऑफिसला गेल्यावर दिवाणखान्यातला टीपॉय गॅलरीत गेला, चष्मे फ्रिजवर गेले आणि दोघी अढी घालून समोरासमोर उभ्या राहिल्या. आणि फुगडी काही होईना. सत्यशीलाबाई कौशल्याबाईंचे हात इतक्या हळू धरायच्या, जसे काही रुखवतातले काचेचे पेले. मागे झुकायचं सोडून त्या थोड्या पुढेच वाकायच्या.

"भार टाका, विहीणबाई."

"टाकलाय की ओ."

"हा भार नाही, हा नमस्कार आहे. मागे झुका. माझ्यावर सोडा स्वतःला."

"तुमच्यावर कसा टाकू भार?"

हाच तर घोळ होता. मान देऊन सगळं जमतं, लग्नं जमतात, पंगती उठतात, फुगडी मात्र होत नाही. अर्धा तास दोघी जात्यावर बसल्यासारख्या संथ फिरल्या. कौशल्याबाईंना शनिवार दिसू लागला, खुर्ची दिसू लागली, आणि त्यांच्यातली पुणेकर बाई जागी झाली.

"लातूरला अशीच खेळतात वाटतं फुगडी," त्या म्हणाल्या. "तुमच्या बासुंदीसारखी. नुसतीच गोड."

सत्यशीलाबाईंची पकड घट्ट झाली. "काय म्हणालात?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

"दोन वर्षं!" सत्यशीलाबाई ओरडल्या आणि पहिल्यांदा मागे झुकल्या. "दोन वर्षं ते एक वाक्य घेऊन झोपते मी! पहाटेपासून दूध आटवलं होतं! आचाऱ्याला हात लावू दिला नाही, माझ्या हातानं केली!" आणि प्रत्येक वाक्यासरशी त्यांचा भार मागे गेला, पावलं झपाझप पडू लागली, आणि फुगडीने वेग घेतला.

"आणि मला मांडवात," कौशल्याबाईंनी गिरकीवर गिरकी घेत सुरुवात केली, "मला... जी खुर्ची... दिलीत..."

"पंख्याखालची... दिली... होती!"

"पंखा... बंद... होता!"

"लाईट... गेली होती... सगळ्या गल्लीची!"

"मग... सांगायचं... नाही का!"

"तुम्ही... कुठं... विचारलं!"

भिंती, पडदे, शोकेसमधली अभिनवची धावण्याची पदकं, सगळं एकमेकांत कालवून निघालं. कौशल्याबाईंचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा तुटत होतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. कुणीतरी आधी हसलं. कोण, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. हसू फुटल्यावर हात कसले राहतात. दोघी गरगरत सुटल्या आणि धप्पकन सोफ्यावर, सोफ्यावरून गालिच्यावर येऊन पडल्या.

मनगटावरच्या घड्याळाने या धपक्याची ताबडतोब दखल घेतली. 'तुम्ही पडलात का?' असं त्याने काचेवर विचारलं. पण चष्मे फ्रिजवर होते. उत्तर मिळेना म्हणून त्याने स्वतःच अभिनवला फोन लावला. खराडीला भरमीटिंगमध्ये अभिनवने फोन कानाला लावला, तर त्याला आईची धाप ऐकू आली, सासूबाईंचं "मेले, मेले गं बाई" ऐकू आलं, आणि मग दोघींचा असा आवाज, जो रडण्याचा की हसण्याचा ते कळायला मार्ग नव्हता.

खराडी ते कर्वेनगर दुपारच्या वाहतुकीतून यायला जो वेळ लागायचा तो लागलाच. अभिनव आणि रुपाली लिफ्टची वाट न बघता जिने धावत चढून आली आणि दार उघडून उभी राहिली. दोघांच्या आया गालिच्यावर पाय पसरून बसल्या होत्या. मध्ये शेंगदाण्याच्या चटणीची बरणी होती, आणि सत्यशीलाबाई ज्वारीची भाकरी मोडून अर्धी कौशल्याबाईंच्या ताटात टाकत होत्या, कुणी आधी घ्यायचं हे न विचारता.

"काय झालं?" धापा टाकत अभिनव म्हणाला.

"कुठं काय? तुम्ही कसे आलात?"

"धावत!"

"बघा, विहीणबाई," कौशल्याबाई म्हणाल्या, "यांचं धावणं आज पहिल्यांदा कुठंतरी पोचलं."

अभिनवने मुकाट्याने आईचा हात ओढून घड्याळ बघितलं. आकडे बघून तो खालीच बसला. "रुपाली, आपल्या सकाळच्या धावण्याएवढ्या कॅलरी आहेत गं! घरात बसून!"

"बसून नव्हे," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "भांडून."

शनिवारी तालमीच्या हॉलमध्ये मात्र सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं. अनोळखी बायका, झुळझुळीत नऊवाऱ्या, शर्मिलाताईंची शिट्टी. सत्यशीलाबाई दारातच लहान झाल्या. हात धरले तेही परत पेल्यासारखे. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर टाळ्यांतल्या बायका बसल्या होत्या आणि त्यातली एक खुर्ची मोकळी होती.

"भार टाका, विहीणबाई," कौशल्याबाई कुजबुजल्या.

"लोक बघायलेत ओ."

"बासुंदी, बासुंदी आठवा."

पण बासुंदीत आता काही दम उरला नव्हता. गेले तीन दिवस दोघी तिच्यावर इतक्या हसल्या होत्या, की राग म्हणून ती कामाची राहिली नव्हती. सत्यशीलाबाई नुसत्या कसनुशा हसल्या. दोघी संथ फिरल्या. शर्मिलाताईंनी शिट्टी तोंडातून काढली. मान हलवली. "राहू द्या, कौशल्याताई. पाहुण्यांना कशाला त्रास? यंदा तुम्ही..." आणि त्यांनी खुर्चीकडे हात केला.

आणि त्याच क्षणी कौशल्याबाईंना आपली उजवी टाच जाणवली. ती टाच पहिल्या दिवसापासून जमिनीत रोवलेली होती. विहिणीने हात सोडलाच तर आपण सावरावं म्हणून. वैजयंतीबरोबर खेळताना ती टाच कधी टेकली नव्हती. इतके दिवस भार टाका, भार टाका म्हणून त्या दुसरीला बजावत होत्या, आणि स्वतः मात्र परतीची सोय ठेवून उभ्या होत्या. शरम वाटली त्यांना. खरीखुरी, कानांपर्यंत.

त्यांनी टाच उचलली. डोळे मिटले. आणि होतं नव्हतं तेवढं सगळं अंग मागे सोडून दिलं, आपल्यामागे फरशी आहे, समोर अर्धं कर्वेनगर बघतंय, कशाचाही विचार न करता.

"अगं ए!" सत्यशीलाबाई केवढ्यांदा ओरडल्या. "पडशील की गं! धर! धर नीट!" आणि तिला सावरायला दुसरा उपायच नव्हता म्हणून त्याही सगळ्याच्या सगळ्या मागे झुकल्या.

फुगडीने जी उचल खाल्ली ती खाल्ली. हॉल फिरला, खिडक्या फिरल्या, शर्मिलाताई दहा-बारा ठिकाणी दिसू लागल्या. कौशल्याबाईंना अगं म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. आई गेली, थोरली बहीण गेली, वैजयंती कॅनडात. गिरकीत त्यांना रडू आलं आणि ते पाणी गालावरून न ओघळता सरळ कानांकडे उडालं. त्यांनी डोळे उघडले. सगळं जग गरगरत होतं आणि त्यात फक्त एक गोष्ट जागच्या जागी होती, समोरचा घामाने डबडबलेला, तोंड उघडून हसणारा विहिणीचा चेहरा.

"अगं पण," तो चेहरा ओरडला, "आता... थांबायचं... कसं?"

"तुझं... तू... बघ!" कौशल्याबाई ओरडल्या.

शर्मिलाताईंनी टाळ्यांतल्या बायकांना खुर्च्या मागे घ्यायला सांगितल्या.